सतरा नंबर हजर

सारोळ्याच्या पुलापासून वरंध्याच्या घाटापर्यंत ज्या ज्या घरात सरकारी कागद जपून ठेवलेला आहे, त्यांतल्या निम्म्या घरांत माझे अक्षर आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ही वस्तुस्थिती आहे. भोरच्या कचेरीसमोर, झाडाच्या सावलीत, एक पत्र्याचे टेबल आणि दोन खुर्च्या एवढ्या सरंजामावर मी सत्तावीस वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. वारसनोंद, मोजणी, रेशनकार्डातले राहिलेले नाव, सातबाऱ्यावरची चूक, या प्रत्येकाला लागणारी भाषा माझ्या बोटांत आहे. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, आणि नववीच्या पुढे मी शाळेत गेलेलो नाही. परंतु लोकांनी आपण होऊन दिलेला मान परत करण्याची मला कधी गरज वाटली नाही.

अर्ज लिहिणाऱ्याला एक सवय लागते. तो दिवसभर दुसऱ्याच्या जागी 'मी' लिहितो. 'मी खाली सही करणार, विनंतीपूर्वक अर्ज करतो की' असे लिहिताना तो 'मी' समोरच्या खुर्चीत बसलेला असतो, आणि लेखणी मात्र माझ्या हातात असते. मी विधवा झालो आहे, कूळ झालो आहे, धरणात जमीन गेलेला म्हातारा झालो आहे. या सवयीत काही धोका असू शकतो, हे शाळा बंद पडल्या त्या वर्षापर्यंत माझ्या मनात आले नव्हते.

त्या वर्षी आषाढात कचेरीचे दार नुकतेच अर्धे उघडले होते. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला डोंगरात सात-आठ घरांची एक वस्ती आहे. तिथला एक गृहस्थ, शेळ्या आणि चार म्हशी राखणारा, तोंडाला उपरणे गुंडाळून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे दोन-तीन जुने अर्ज माझ्याच हातचे होते. त्याने काखेतली पिशवी उघडली, तिच्यातून दुसरी पिशवी काढली, आणि तिच्यातून एक कोरा मोबाईल काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"वकीलसाहेब, ह्यो तुमच्याकडं ठिवून घ्या."

"कोणाचा आहे?"

"माजाच. पोरीच्या शाळंसाठनं घेतला. नववीत हाय. आता शाळा ह्याच्यात भरती म्हनं. पर वस्तीवर रेंज न्हाई. टेकाडावर गेलो, झाडावर चढलो. शेळ्या माज्याकडं बगून हसाय लागल्या."

"मग मी काय करावे, म्हणता?"

"रोज धा वाजता बाई हजेरी घेत्यात. सतरा नंबर हजर, असं लिवायचं. न्हाई लिवलं की गैरहजर." तो जरा घुटमळला. "माजी आई म्हंती, शाळा बंद हाय तर उजवून टाका. पावनं येऊन बसत्यात. पोरगी शाळंत हाय म्हनून म्या त्यास्नी न्हाई म्हंतो. नाव गेलं की माजं तोंड बंद झालं म्हना."

म्हणजे प्रकरण स्वच्छ होते. चौदा संपून पंधरावे लागलेल्या एका मुलीचे लग्न एका शब्दाने अडून राहिले होते, आणि तो शब्द रोज सकाळी दहा वाजता माझ्या टेबलावरून जायचा होता. मी मोबाईल ठेवून घेतला. याबद्दल काही घ्यायचे नाही, असेही मी त्याच वेळी ठरवले. त्या दिवशी घरी परतताना मला आपण फार मोठे काम अंगावर घेतल्यासारखे वाटले, आणि ते खोटेही नव्हते.

केवळ 'हजर' लिहून शिक्षण होत नाही, हे मला कळत होते. म्हणून मी एक व्यवस्था बसवली. दोन वह्या आणल्या. बाईंनी ग्रुपवर टाकलेला धडा आणि गृहपाठ मी माझ्या अक्षरात एका वहीत उतरवून ठेवी. पहाटे घाटाकडे जाणारा दुधाचा टेम्पो ती वही वस्तीच्या फाट्यावर पोहोचवी. मुलगी डोंगर उतरून खाली येई, ती वही घेई, आदल्या दिवशी सोडवलेली दुसरी वही टेम्पोत देई. दुपारी ती माझ्याकडे आली की मी पानांचे फोटो काढून ग्रुपवर पाठवी. एक वही वर, एक खाली. मी त्या मुलीला एकदाही पाहिले नव्हते. मला माहीत होते ते तिचे अक्षर, जरा उजवीकडे झुकणारे, आणि वहीच्या पानांना येणारा धुराचा आणि शेळीच्या दुधाचा वास.

बाई मोठ्या उमेदीच्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा त्या मोबाईलवर तास घेत. त्या वेळी पडद्यावर लहान लहान काळ्या चौकटी उमटत. प्रत्येक चौकटीत कोणा बापाचे किंवा काकाचे नाव, एखादीत देवाचा फोटो, एखादीत ट्रॅक्टर. मूल एकही दिसत नसे. बाई एकट्याच बोलत.

"मुलांनो, ऐकू येतंय का? कोणीतरी हो म्हणा रे."

कोणी हो म्हणत नसे. कधी कुठल्या तरी चौकटीतून कोंबडी ओरडे, कधी कोणा बाईचा खोकला ऐकू येई आणि मध्येच तुटे. बाई कोडी घालीत, अर्धी गोष्ट सांगून उरलेली पुरी करायला लावीत, ताटल्या वाजवून हजेरी द्यायला सांगत. विहिरीत वाकून हाक मारावी आणि आपलाच आवाज वर यावा, तसे ते चाले. मी मोबाईल टेबलाच्या खणात ठेवून कानाला वायर लावून बसे. माझीही एक काळी चौकट तिथे होती. इतर चौकटींच्या मागे खरोखर कोण बसले असेल, हा प्रश्न मला त्या दिवसांत पडला नाही. तो नंतर पडला, आणि अजून सुटलेला नाही.

एकदा बाईंनी सांगितले, "तुमच्या दारातून दिसणारी एक गोष्ट लिहून पाठवा." दुसऱ्या दिवशी वही आली. तिच्यात एवढेच होते: 'धुकं दिसतं. बाकीचं दुपारनंतर दिसतं.' ते मी पाठवले, आणि बाई तासाला मोकळ्या हसल्या. "सतरा नंबरनं मला आज वस्तीवर नेलं," असे म्हणाल्या.

मुलगी प्रश्नही विचारी. ते समासात, बारीक अक्षरात असत. 'काका, उणेला उणेनं गुणलं की अधिक कसं होतं? शेळी नाही आणि शेळी नाही, मग शेळी आली कुठून?' मला उत्तर येत नव्हते. मी खाली लिहिले, 'तसा नियम आहे.' तिसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा त्याखाली आणखी एक ओळ होती: 'कोणी केला?' मला त्या प्रश्नाचा राग आला होता, हे आज मान्य केले पाहिजे. सत्तावीस वर्षांत माझ्यासमोर बसून कोणी मला असे विचारले नव्हते.

श्रावणात घाटात दरड आली आणि टेम्पो तीन दिवस वर गेला नाही. वही खाली येईना. ग्रुपवर बाईंचा निरोप आला: 'सतरा नंबर, उत्तरे आली नाहीत.' आता गैरहजेरी पडली तर वर काय होईल, हे मला ठाऊक होते. मी माझ्याकडच्या वहीत इतिहासाची पाच उत्तरे लिहिली, अक्षर थोडे उजवीकडे झुकवून. फोटो गेला. दहा मिनिटांत बाईंचे उत्तर आले: 'अतिशय मुद्देसूद! शाब्बास!'

ते शब्द मी बराच वेळ पाहत राहिलो. मला नववीत असताना कोणी शाब्बास म्हटले नव्हते. नववीतच माझे वडील वारले आणि मी शाळा सोडली. तो वर्ग माझा अर्धाच राहिला होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो माझ्याकडे परत आला, असे मला वाटले.

दरड निघाली, वही पुन्हा येऊ लागली. परंतु तिची उत्तरे मला आता तोकडी वाटू लागली. आधी मी शब्द दुरुस्त केले, मग वाक्ये बदलली, मग संपूर्ण उत्तर नव्या पानावर लिहून तेच पाठवू लागलो. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याला सगळे ठाऊक होते.

"काय वकीलसाहेब, आज गनित का भूगोल?"

"भूगोल."

"औंदा पास व्हनार बगा तुमी. पेढं कवा?"

मी हसलो. त्याच्या बोलण्यात टोचणी होती, पण ती मला गोड लागली.

भात पोटरीला आले तसे वहीत काही बदल होऊ लागले. आधी समासातले प्रश्न थांबले. मग अक्षर बारीक झाले. एकदा पानावर हळदीचा पिवळा ठसा होता. स्वयंपाकाचा असेल म्हणून मी सोडून दिले. टेम्पोवाला एक दिवस पाय झटकत माझ्या खुर्चीत बसला.

"तुमची इद्यार्थिनी आता फाट्यावर येत न्हाई बगा. म्हातारी येती. वही अशी धरती, जनू साप धरलाय."

"मुलगी आजारी आहे काय?"

"कुनाला ठावं. परवा फाट्यावर जीप हुबी व्हती. वेल्ह्याकडली. पावनं दिसलं."

पाहुणे काय, दिवसाला येतात, असे मी त्याला म्हणालो. त्याने मान हलवली आणि वही टेबलावर टाकून गेला.

त्याच आठवड्यात बाईंनी पत्रलेखन दिले होते: 'वाडीतील पाणीपुरवठा सुरळीत करण्याबाबत ग्रामसेवकांना विनंती पत्र लिहा.' हा तर माझा प्रांत. मुलीचे उत्तर कधी येते याची मी वाट पाहत होतो, कारण मला ते दुरुस्त करायचे होते. वही उघडली. तिने लिहिले होते:

'माननीय बाई, सनविवि. मी सतरा नंबर. माझं लग्न ठरवत आहेत. भात काढून झालं की करणार आहेत. मी आजीला म्हणाले माझी शाळा चालू आहे, तर ती म्हणते शाळा भोरला चालू आहे, तू तर इथंच आहेस. बाई, तुम्ही एकदा वस्तीवर या. मी लिहिलं असं सांगू नका. वह्या तपासायला आले म्हणा. मला पुढं शिकायचं आहे. आपली आज्ञाधारक.'

ते मला खरे वाटले नाही, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते खरे होणार नाही. खरे एवढेच की ते खरे आहे की खोटे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. लोकांच्या रडण्यातून अर्जाला लागते तेवढे उचलायचे आणि बाकीचे गाळायचे, हेच मी सत्तावीस वर्षे केले होते. माझी नजर मायन्यावर गेली. पत्र ग्रामसेवकांना हवे होते, ते बाईंना लिहिले होते. विषयाची ओळ नव्हती. अर्जात 'सनविवि' चालत नाही. पाण्याचा उल्लेख नव्हता. मी तांबडी लेखणी काढली आणि पानाच्या खाली लिहिले: 'विषय सोडून लिहिले आहे. मायना चुकला. पुन्हा लिहा.'

मग मी नव्या पानावर पाण्याचा अर्ज लिहिला. तो माझ्या आयुष्यातल्या उत्तम अर्जांपैकी एक होता. 'महिलावर्गास दूरवरून पाणी वाहून आणावे लागत असल्याने' हे वाक्य मला आजही पाठ आहे. बाईंनी तो तासाला मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्या काळ्या चौकटी ऐकत होत्या. "याला म्हणतात अर्ज," बाई म्हणाल्या. "सतरा नंबर, बाळा, एकदा बोल ना. तुझा आवाज मी या वर्षात ऐकलाच नाही."

मी श्वास धरून बसलो आणि बोटाने टाइप केले: 'माइक बिघडला आहे.'

पुढची वही आली ती कोरी. त्यानंतरचीही कोरी. त्यानंतर म्हातारीने वही घेतलीच नाही, असे टेम्पोवाल्याने सांगितले. मी थांबायला हवे होते. परंतु दहा वाजले की माझा अंगठा आपोआप चाले. सतरा नंबर हजर. भात निघाले, दिवाळी गेली, तुळशीचे लग्न झाले. सतरा नंबर हजर. मार्गशीर्षात बाईंनी चाचणी घेतली. मी वीसपैकी वीस गुण मिळवले आणि टपरीवाल्याला खरोखरच पेढे दिले.

चाचणीनंतर आठ-दहा दिवसांनी मुलीचा बाप आला. त्या वेळी माझ्या मनात काहीही नव्हते. बाईंची शाबासकी त्याला वाचून दाखवावी, एवढाच विचार होता. तो बसला नाही. त्याने कमरेचा एक दुमडलेला कागद काढला. मुलीचे लग्न लावल्याची माहिती मिळाली आहे, तरी खुलासा सादर करावा, अशी त्याला कचेरीतून नोटीस आली होती. कोणी कळवले होते, ते लिहिलेले नव्हते.

"ह्याला उत्तर लिवा."

"लग्न झाले?"

"चार मान्सांत उरकलं. घरच्या घरी."

"तुम्ही तर नाही म्हणत होतात."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते.

"लई दिस म्हनलो, न्हाई. पोरगी शाळंत हाय. तर पावनं म्हनलं, शाळा कुठं भरती? म्या म्हनलो, मोबाईलात. त्ये म्हनलं, मोबाईल कुठं हाय? म्या म्हनलो, भोरला, वकीलसाहेबाकडं. तर त्ये हसलं. म्हनलं, हजेरी भोरात लागती, मग पोरगी डोंगरात असली काय आन् सासरी असली काय? नाव तर ऱ्हातंयच की. शिकंल ती तिकडं बी." त्याने उपरण्याने तोंड पुसले. "वकीलसाहेब, मला त्याच्यावर उत्तर सुचलं न्हाई. तुमास्नी सुचलं असतं?"

मी खणातला मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

"आता कुठे आहे ती?"

"मार्गासनीच्या पल्याड. दिल्या घरी." मग त्याने मोबाईलकडे बोट केले. "तुमी लिवा, पोरगी रोज शाळंत हजर व्हती. लगीन न्हाई न् काय न्हाई. त्येच्यात समदं हायच की."

मी मोबाईल उघडला. "लग्न कुठल्या वारी झाले?" असे विचारले. त्याने वार आणि तिथी सांगितली. मी मागे मागे सरकवत गेलो. त्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांनी लिहिलेले होते, सतरा नंबर हजर. त्याच दुपारी चाचणी होती. वीसपैकी वीस. ज्या वेळी तिच्या अंगावर अक्षता पडत होत्या, त्या वेळी ती वर्गात बसून गणित सोडवत होती, याचा पुरावा मी माझ्या अंगठ्याने तयार करून ठेवला होता. यापेक्षा पक्का पुरावा मी आजवर कोणत्याही अर्जाला जोडलेला नाही.

त्या खुलाशाच्या पाच ओळी माझ्या डोक्यात तयार झाल्या होत्या. ते माझ्या हातचे सर्वांत सोपे काम ठरले असते. मी त्याला म्हणालो, "उद्या या." तो गेला.

तो दृष्टीआड झाल्यावर मी खणातून वही काढली आणि ते पान उघडले. तिच्या निळ्या अक्षराखाली माझी तांबडी ओळ. मी त्या पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर पाठवला. सगळ्यांत लवकर पोहोचेल असा तोच रस्ता होता. खाली काही लिहायला हवे होते, परंतु काय लिहावे ते मला कळले नाही. तिच्या नावाने तिच्याबद्दल कसे लिहिणार? थोड्या वेळाने उत्तर वाजले. एक वर केलेला अंगठा, आणि त्याखाली: 'उशिरा आले तरी चालेल. भावना छान मांडल्यास. मायना सुधार, म्हणजे पाचपैकी पाच!'

टपरीवाला चहा ठेवून गेला. चहावर साय धरली तरी मी तसाच बसून होतो. त्या क्रमांकावरून आता काहीही गेले तरी ते गृहपाठच ठरणार होते. ती मुलगी त्या मोबाईलमधून ओरडली असती तरी बाईंनी तिला गुण दिले असते. यात बाईंचा दोष नव्हता. त्यांना मी तसेच वाचायला शिकवले होते.

मग मी एक कोरा कागद घेतला. 'मी खाली सही करणार' असे लिहिले आणि माझे नाव घातले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा अर्जदाराच्या जागी माझे नाव पडले. दरडीपासून पुढचे सर्व लिहिले. कोणत्या दिवसापासून मुलीचे अक्षर थांबले, कोणत्या दिवसापासून माझे सुरू झाले, आणि लग्नाच्या दिवशीची हजेरी व चाचणी माझी आहे, हेही लिहिले. कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनाने वाचता वाचता मान वर केली.

"अहो, अर्जदार म्हणून तुमचंच नाव पडलंय चुकून."

"चुकून नाही."

त्याने शिक्का मारला, पण मारताना माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी बाप आला तेव्हा मी त्याला सांगितले, की खुलासा मी लिहिणार नाही, आणि काय लिहिले आहे तेही सांगितले. तो म्हणाला, "तुमी तर आमच्या बाजूचं हुता." मग नोटीस घडी करून उपरण्यात बांधली आणि स्टँडकडे चालू लागला. मोबाईल त्याने मागितला नाही. दहा वाजता तो माझ्या खणात वाजला. मी हात टेबलावर पसरून ठेवले.

दुपारी अर्जाची नक्कल आणि वही घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. त्या भोरातच राहत. मला वाटत होते त्यापेक्षा त्या तरुण होत्या. कपाटाला टेकवलेला लहान फळा, समोर स्टुलावर पुस्तके रचून त्यावर मोबाईल उभा केलेला. त्यांनी नक्कल वाचली, पुन्हा वाचली. आरडाओरडा केला नाही.

"माझ्या वर्गात ही एकच मुलगी रोज हजर असायची," त्या म्हणाल्या. "कोणी बोलत नाही, कोणी दिसत नाही, सोडून द्यावं असं वाटायचं, तेव्हा मी हिची उत्तरं काढून वाचायचे." त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "काका, यातलं तिचं कुठपर्यंत आहे?"

मी पाने उलटत गेलो. धुके दाखवले. शेळी दाखवली. मग ते तांबडे पान दाखवले. बाईंनी ते आदल्या दिवशी मोबाईलवर पाहिले होते. आता त्या कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या, आणि 'वह्या तपासायला आले म्हणा' या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघे निघालो. चेलाडीला गाडी बदलली. साहेब लोकांची चौकशी व्हायची तेव्हा होईल, तोवर मी बसून राहणार नाही, असे बाई म्हणाल्या. त्यापलीकडे प्रवासात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मार्गासनी मागे पडले. पुढे, नोटिशीत लिहिलेल्या गावाच्या फाट्यावर उतरून आम्ही अर्धा तास चाललो. आमच्या आधी गावात आमची बातमी पोहोचली असावी, कारण ओट्यांवर माणसे होती आणि कोणीच काही विचारीत नव्हते.

घर विचारावे लागले नाही. अंगणात मांडवाच्या मेढींचे खड्डे अजून बुजवलेले नव्हते. एक मुलगी तिथे शेण सारवत होती. हात कोपरापर्यंत माखलेले, गळ्यात नवे काळे मणी. तिने बाईंना पाहिले आणि ती उठून उभी राहिली, वर्गात उठतात तशी.

"बाई, तुमी?"

"वह्या तपासायला आले," बाई म्हणाल्या.

मुलीने माझ्याकडे पाहिले. बाईंनी सांगितले, "हे भोरचे काका. वहीतले."

तिने हात परकराला पुसले, वही घेतली आणि शोधावे न लागता ते पान उघडले. माझी तांबडी ओळ तिने पुन्हा एकदा वाचली. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. अगदी हळू होता, तक्रारीचा नव्हता.

"काका, तुमी पुन्हा लिवा म्हनला व्हता. म्या लई इचार केला. पर दुसरं काय लिवायचं, त्ये मला कळलंच न्हाई."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. ती हाक पुन्हा आली, जरा मोठ्याने. बाई उंबऱ्याकडे निघाल्या आणि म्हणाल्या, "मी बोलते त्यांच्याशी." मुलगी त्यांच्या मागून आत गेली. मी अंगणातच, त्या खड्ड्यांजवळ उभा राहिलो. वही तिने मला परत दिली नाही.